रात्री तीनला तुटणारी झोप: आधी काय तपासावे आणि कुठे थांबावे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात मी एकोणीस वर्षे देखभाल विभागात काम केले. मोटर बंद पडली तर ती उघडण्याआधी फ्यूज पाहायचा, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. माझी स्वतःची झोप बिघडली तेव्हा मात्र मी हे शिक्षण विसरलो आणि सगळ्यांत आधी बावीस हजारांची गादी विकत घेतली, जिच्यावर मी पूर्वीइतकाच जागा राहिलो. त्यानंतर हाच बिघाड माझ्या बाबतीत आणखी दोनदा, आणि घरात व मित्रमंडळींत पाच-सहा जणांच्या बाबतीत निस्तरावा लागला. त्यातून तपासणीचा जो क्रम हाती आला तो इथे देत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझा हात जिथे संपतो ती जागाही स्पष्ट सांगितली आहे.

लक्षणे

‘झोप लागत नाही’ या एका वाक्यात निदान चार वेगळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. पहिला म्हणजे अंथरुणाला पाठ टेकल्यावर तास-दीड तास डोळाच न लागणे. याचे मूळ बहुतेक वेळा संध्याकाळच्या चहात, रात्रीच्या उजेडात किंवा सकाळी उशिरा उठण्यात असते. दुसरा म्हणजे झोप लगेच लागणे, पण दोन-तीनच्या सुमारास मोडणे आणि मग पाच वाजेपर्यंत कूस बदलत राहणे. इथे आवाज, उकाडा, लघवी, पित्त आणि दारू हे मुख्य संशयित. तिसरा म्हणजे पहाटे चारलाच टक्क जाग येणे. वयस्कर माणूस नऊला झोपत असेल तर यात बिघाड काहीच नाही, कारण त्याची झोप पूर्ण झालेली असते. पण तरुण माणसाला अशी जाग येत असेल आणि तिच्याबरोबर मनावर मळभ असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे. चौथा बिघाड सर्वांत फसवा असतो, कारण माणूस आठ तास गाढ झोपला असे त्याला स्वतःला आणि घरच्यांना वाटते, पण दुपारी तो ऑफिसात पेंगतो आणि वाशीला उतरायचे असताना सानपाड्याला जागा होतो. तुमचे लक्षण हे चौथे असेल आणि जोडीला मोठ्याने घोरणे असेल, तर मधल्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट शेवटच्या भागाकडे जावे.

पहिली तपासणी: सात दिवसांची वही

हिला खर्च शून्य आहे आणि हिच्याशिवाय पुढचे सगळे अंधारात दगड मारणे ठरते. रोज सकाळी चहाच्या वेळी पाच गोष्टी लिहाव्यात: अंथरुणावर केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, शेवटी केव्हा उठलो, आणि आदल्या दिवशी शेवटचा चहा, जेवण व औषध कितीला झाले. रात्री घड्याळ पाहून नोंद करू नये, सकाळचा अंदाज पुरेसा असतो. मी पहिल्या आठवड्यात नेमके घड्याळ पाहूनच लिहिले; त्याचा एक फायदा झाला आणि एक मोठा तोटा, ते पुढे येईलच.

वहीचा दुसरा उपयोग असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलून तिला आठवडाभर वेळ देता येतो. एकाच रात्री चहा बंद, मोबाइल बंद, नवी उशी आणि दुधात जायफळ असे सगळे केले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही आणि माणूस आयुष्यभर जायफळ उगाळत बसतो.

दुसरी तपासणी: पोटात काय गेले आणि कितीला गेले

आपण जागे असताना मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याचा दाब वाढला की झोप येते. कॅफिन हे द्रव्य घालवत नाही, फक्त त्याच्या जागा अडवून बसते, त्यामुळे थकवा असतो पण कळत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकराला अंगात असते. ‘मला चहाने काही होत नाही, मी पिऊन लगेच झोपतो’ असे सांगणाऱ्यांची झोप लागते हे खरे, पण ती उथळ राहते. दुपारी दोननंतरचा चहा आठवडाभर बंद करून पाहावा. पहिले दोन-तीन दिवस डोके दुखेल, त्याला घाबरू नये. कोला आणि एनर्जी ड्रिंक यांतही कॅफिन असते, हे मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

दारूचे गणित उलटे आहे. ती झोप लवकर आणते, पण शरीर ती पचवू लागले की रात्रीचा उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांचा होतो, घोरणे वाढते आणि लघवीला उठावे लागते. शनिवारी बसणाऱ्यांनी रविवारच्या सकाळची नोंद इतर दिवसांशी ताडून पाहावी, वेगळे काही सांगावे लागणार नाही.

जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर असावे असे सांगितले जाते. मुंबईहून लोकलने धक्के खात नऊ वाजता घरी पोहोचणाऱ्याला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान संध्याकाळी ऑफिसात काहीतरी पोटभरीचे खाऊन घ्यावे आणि रात्रीचे जेवण हलके ठेवावे.

तिसरी तपासणी: उजेड

मेंदूतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सैल चालते आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज जुळवून घेतले जाते. रात्रीचा उजेड, विशेषतः निळसर पांढरा, झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबवतो. सकाळचा उजेड तेच घड्याळ पुढे ओढून जागेवर आणतो. लोक रात्रीच्या मोबाइलविषयी पुष्कळ बोलतात आणि सकाळच्या उजेडाकडे दुर्लक्ष करतात. माझ्या अनुभवात सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्चीवर किंवा रस्त्यावर वीस मिनिटे चालण्याचा गुण मोबाइल बंद करण्याहून लवकर दिसला. मोबाइलचा खरा त्रास उजेडापेक्षा त्यावरच्या मजकुराचा असतो. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचे भांडण वाचून अकरा वाजता कोणाचा डोळा लागेल?

चौथी तपासणी: खोली

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझा बिघाड इथेच सापडला.

उकाड्याचे आधी सांगतो. झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरावे लागते आणि ही उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या आपल्या हवेत दमटपणा इतका असतो की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणून वाऱ्याचा झोत अंगावरून जाईल असा पंखा महत्त्वाचा. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून आतली उष्णता लवकर बाहेर पडते. थंडगार पाण्याने हे साधत नाही. डासांसाठी मच्छरदाणी लावावी. ती सर्वांत स्वस्त आणि खात्रीची.

आता आवाज. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ती दिलेली आहे. घोडबंदर रोडला लागून असलेल्या इमारतींत रात्री ट्रक सुरू झाले की या आकड्याला काय अर्थ उरतो, ते तिथल्या रहिवाशांना विचारावे. पण सलग येणाऱ्या आवाजाला मेंदू बराचसा सरावतो. झोप मोडतो तो अचानक येणारा आणि थांबणारा आवाज, आणि तो बाहेरूनच येतो असे नाही.

आम्ही घणसोलीला सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. वहीच्या पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच रात्री माझी जाग तीन ते सव्वातीनच्या दरम्यान लिहिलेली होती. माणसाची चिंता इतकी वक्तशीर नसते, यंत्र असते. आठव्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो आणि तीन वाजून पाच मिनिटांनी भिंतीतून बारीक घरघर ऐकू आली, ती काही मिनिटे चालली आणि शेवटी ‘धप्प’ असा दणका बसून थांबली. सकाळी खाली जाऊन वॉचमन काकांना विचारले, “काका, रात्री तीनला मोटर कोण लावतं?” ते म्हणाले, “मी नाही लावत साहेब. टाकी उतरली की तिची ती चालू होते.” रात्री तीनला सगळे झोपलेले असताना टाकी उतरते कशी, हा पुढचा प्रश्न होता. पाचव्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला होता आणि पाणी रात्रभर भांड्यात झिरपत होते. त्याने वरची टाकी हळूहळू उतरायची, फ्लोट खाली जायचा, मोटर सुरू व्हायची, आणि मोटर थांबताना पाइपातले पाणी उलटे येऊन व्हॉल्व्ह आपटायचा. तो पाइप माझ्या उशापासून हातभर अंतरावरून वर जातो. वॉशर साठ रुपयांचा निघाला. सेक्रेटरींना विनंती करून रात्री अकरा ते पहाटे साडेपाच मोटर बंद राहील असा टायमर लावून घेतला, आणि पाइपाच्या क्लॅम्पखाली रबर घातले.

हाच दणका रात्री बाराला बसला असता तर कदाचित मला कळलाही नसता. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार तासांत असतो, आणि नंतर झोप उथळ व स्वप्नांची होत जाते. फेरी संपताना क्षणभर जाग येणे हे तर निरोगी माणसालाही घडते, फक्त सकाळी आठवत नाही. त्या क्षणी बाहेर दणका बसला तर क्षणाचे तास होतात. ज्यांना ठरावीक वेळी जाग येते त्यांनी मोटर, लिफ्ट, शेजारचा अलार्म, दूधवाला, एसीचा टायमर आणि पाण्याचा टँकर या यंत्रांचे वेळापत्रक आधी पाहावे. जागे राहायचे नसेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवला तरी चालतो.

गादी-उशीविषयी एवढेच, की सकाळी पाठ किंवा मान धरत असेल तरच त्यांच्याकडे पाहावे.

पाचवी तपासणी: वेळ आणि सवय

मोटर थांबली आणि मी तीनला जागा होतच राहिलो.

या बिघाडाची खरी मेख इथे आहे. झोप पहिल्यांदा मोडणारे कारण आणि तिला मोडलेली ठेवणारे कारण, ही दोन वेगळी असतात. पहिले दूर झाले तरी दुसरे चालू राहते, आणि ते आपणच उभे केलेले असते. दोन महिने मी तीनला जागा होऊन घड्याळ पाहत होतो, सहाला उठायचे म्हणजे तीनच तास उरले असा हिशेब करत होतो, झोप भरून काढायला दहाऐवजी नऊला आडवा होत होतो आणि रविवारी दुपारी दोन तास ताणून देत होतो. यांतली प्रत्येक गोष्ट समजुतीची वाटते आणि प्रत्येक गोष्ट बिघाड पक्का करते. झोपेची गरज सहा तासांची शिल्लक असताना माणूस नऊ तास अंथरुणात राहिला, तर तीन तास त्याला जागेच राहावे लागते. आणि अंथरुण म्हणजे जागरणाची जागा हे मेंदू शिकून घेतो. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस पलंगावर जाताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

इलाज स्वस्त आहे, पण सोपा नाही. उठण्याची वेळ रविवारसह रोज एकच ठेवायची, झोप कितीही वाईट झालेली असो. झोप दाटून आल्याशिवाय पलंगावर जायचे नाही. अंदाजे वीस मिनिटे जागे राहिलात तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कंटाळवाणे काहीतरी करायचे आणि डोळे जड झाल्यावरच परतायचे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. हे नियम अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडले आणि अजूनही निद्रानाशाच्या उपचारात तेच वापरले जातात.

एवढ्याने न भागल्यास अंथरुणातला वेळच कमी करायचा. हे नियम पाळू लागल्यावरच्या माझ्या वहीत दहा ते सहा असे आठ तास अंथरुण आणि सरासरी पावणेसहा तास झोप होती. मी बारा ते सहा अशी सहा तासांची चौकट धरली. पहिले दहा दिवस फार कठीण गेले. साडेदहाला घरचे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून जुन्या बिलांची फाइल लावत होतो. दुसऱ्या आठवड्यात सहापैकी पाच तास वीस मिनिटे झोप सलग मिळू लागली. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जात असेल, तर झोपण्याची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, असा नियम आहे. अकरापर्यंत यायला मला पाच आठवडे लागले. साडेपाच तासांच्या खाली ही चौकट कधीही नेऊ नये. गाडी, क्रेन किंवा प्रेस चालवणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी, मनोविकारासाठी उपचार घेणाऱ्यांनी आणि चौथे लक्षण असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

महापे-ऐरोलीच्या रात्रपाळीवाल्यांना यातले बरेच लागू पडत नाही. त्यांनी सकाळी घरी येताना काळा चष्मा लावावा, जाड पडदे बंद करून येताच झोपावे, दाराची बेल काढून ठेवावी आणि सुट्टीच्या दिवशीही रात्रीचे निदान दोन-तीन तास कामाच्या दिवसांसारखेच जागे राहावे. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर दोष झोपेचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

सहावी तपासणी: शरीर

इथून पुढे डॉक्टर लागतात, पण काय विचारायचे ते आपल्याला माहीत असावे. माझे सासरे रात्रीतून चार वेळा उठत होते आणि घरात सगळे वयाला दोष देत होते. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी होती आणि ते ती रात्रीच्या जेवणानंतर घेत होते. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितल्यावर चाराचे एक झाले. तरीही रोज दोनपेक्षा जास्त वेळा उठावे लागत असेल, तर साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्यावे.

छातीत जळजळ होऊन किंवा आंबट पाणी घशाशी येऊन जाग येत असेल, तर पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा घालून सहा इंच उचलावेत आणि डाव्या कुशीवर झोपावे. उशांची उतरंड रचून उपयोग होत नाही. तिने पोट दुमडून त्रास वाढतो. संध्याकाळी पायांत मुंग्या किंवा ओढ लागून ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो थकवा समजून रोज पाय दाबून घेऊ नयेत. माझ्या बहिणीच्या बाबतीत त्यामागे लोहाची कमतरता निघाली. हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी असते. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. थायरॉइड वाढलेले असणे, रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येणे आणि स्टिरॉइडची औषधे, हीही नेहमीची कारणे आहेत.

इथे हात थांबवावा

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झोप बिघडलेली असेल आणि वरचे प्रामाणिकपणे करून झालेले असेल, तर फॅमिली डॉक्टरांकडे जावे. पुढील गोष्टींसाठी तीन महिने थांबू नये. आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. पहाटे जाग येऊन जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. दोन-तीन तास झोपूनही अंगात भलताच जोर आणि डोक्यात योजनांची गर्दी असेल, तर तेही आजाराचे लक्षण आहे. झोपेत हातपाय झाडून शेजारच्याला इजा होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

घरातल्या काकांची झोपेची गोळी अर्धी तोडून घेणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे ती उगाच नाही. त्यांची सवय लागते, वयस्कर माणसे रात्री उठताना पडतात, आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. जे रोज घेत आहेत त्यांनी वाचून घाबरून एकदम बंदही करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी वर्तनोपचार सुचवले, आणि पाचव्या तपासणीतील गोष्टी त्याच उपचारांचा भाग आहेत.

शेवटी ते चौथे लक्षण. माझा एक सहकारी ऐरोलीहून मोटारसायकलने यायचा आणि एकदा सिग्नलला पाय टेकवून उभा असताना त्याला डुलकी लागली. झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, श्वास सुरू होतो, आणि हे तासाला पाचपासून तीस किंवा अधिक वेळा घडते. सकाळी माणसाला यातले काहीच आठवत नाही. चहा, उजेड, सवयी यांपैकी कशानेही हे दुरुस्त होत नाही. यासाठी कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञांकडून रात्रभराची झोपेची चाचणी करून घ्यावी लागते आणि अनेकांना हवेच्या दाबाचे यंत्र लावावे लागते. तपासणी होईपर्यंत अशा माणसाने गाडी चालवू नये.

डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांची वही, चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या आणि, घोरणे असेल तर, त्याचे चित्रण बरोबर न्यावे. माझ्या सहकाऱ्याच्या बायकोने रात्री दोनला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता: घोरणे, मग शांतता, शांततेत तिची हळू आवाजातली ‘एक, दोन, तीन’ अशी अठरापर्यंतची मोजणी, आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास. डॉक्टरांनी तो एकदाच पाहिला आणि चाचणीची चिठ्ठी लिहायला घेतली.